शाळेच्या संगणक कक्षासाठी कोणती केबल घ्यावी? दोन इमारतीही जोडायच्या आहेत

संगणककक्ष_प्रमुख यांचा प्रश्न

नमस्कार. मी कोकणातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि संगणक कक्षाची जबाबदारीही माझ्याकडेच आहे. माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या देणगीतून शाळेचे संगणक नेटवर्क नव्याने बांधून घेण्याचे शाळा समितीने ठरवले आहे. आमची जुनी इमारत जांभ्याची, कौलारू आणि लांबट आहे. संगणक कक्ष, कार्यालय आणि ग्रंथालय तिथेच आहे. मैदानापलीकडे नवी दुमजली इमारत आहे. केबल ज्या वाटेने न्यावी लागेल त्या वाटेने मोजले असता दोन्ही इमारतींमधले अंतर १४० मीटर भरते. कक्षात २४ आणि कार्यालयात ४ संगणक, दोन्ही इमारतींत मिळून ८ कॅमेरे आणि ३ वायफाय अॅक्सेस पॉइंट एवढा सगळा पसारा आहे.

आमच्याकडे तीन कोटेशने आली असून ती वाचल्यावर गोंधळ वाढलाच आहे. पहिल्यात सरसकट ‘कॅट ७’ केबल सुचवली आहे. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात कॅट ६ केबल आहे, परंतु ३०५ मीटरच्या एका खोक्याच्या दरात जवळजवळ दुपटीचा फरक आहे आणि दोघेही आपलीच केबल अस्सल असल्याचे सांगतात. नव्या इमारतीसाठी पहिला पुरवठादार मैदानाच्या मध्यावर खांबाला पेटी लावून तिच्यात छोटा स्विच (नेटवर्कच्या केबली एकमेकींना जोडणारे उपकरण) बसवायचे म्हणतो, तर तिसरा फायबरचा, म्हणजे काचेच्या तंतूंच्या केबलचा, आग्रह धरतो. शिवाय कक्षाच्या भिंतीवर जुनी काळी गोल केबल अजून शाबूत आहे. तिच्या टोकांना फिरवून बसवायचे धातूचे कनेक्टर आहेत. तिचा काही उपयोग होईल का, असे समितीतील एका सदस्यांनी विचारले आहे.

पैसा देणगीचा असल्यामुळे तो एकदाच आणि योग्य जागी खर्च व्हावा अशी इच्छा आहे. जाणकारांनी कारणांसह मार्गदर्शन करावे, म्हणजे मला समितीपुढे ते मांडता येईल.

तांब्याची_तार यांचे उत्तर

मॅडम, आधी जुन्या केबलचा विषय संपवतो. आपण वर्णन केलेली केबल बहुधा आरजी-५८ जातीची कोअॅक्सिअल केबल असावी आणि टोकांचे कनेक्टर बीएनसी असावेत. मधोमध एक तार, तिच्याभोवती इन्सुलेशन, त्यावर जाळी आणि वर काळे आवरण अशी तिची रचना असते. या पद्धतीत सगळे संगणक एकाच केबलवर ओळीने जोडले जात, एका तुकड्याची कमाल लांबी १८५ मीटर असे, त्यावर जास्तीत जास्त ३० जोड घेता येत आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर लावावे लागत. वेग सेकंदाला १० मेगाबिट, तोही सर्वांत वाटलेला. एखाद्या मुलाचा पाय लागून एक जोड सैल झाला की अख्खा कक्ष बंद पडत असे. १९९० साली पीळदार जोड्यांच्या केबलवर चालणारे इथरनेट प्रमाणित झाले, प्रत्येक संगणकाला स्वतंत्र केबल आणि मध्यभागी हब अशी रचना रूढ झाली आणि कोअॅक्सिअल मागे पडली. आजच्या संगणकांना ती जोडण्याची सोयच नसते. तेव्हा ती निःशंकपणे काढून टाकावी. एखादा हातभर तुकडा सोलून विज्ञानाच्या तासाला मुलांना दाखवता आला तर अवश्य दाखवावा, कारण केबलची रचना त्यातून फार छान समजते.

आता मुख्य केबल. कॅट म्हणजे कॅटेगरी, केबलचा दर्जा. कॅट ५ई, कॅट ६, कॅट ६ए या सगळ्या एकाच घराण्यातल्या आहेत. आत आठ तारा, त्यांच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीला पीळ. जोडीतल्या दोन तारांमधून परस्परविरुद्ध संकेत जातात. बाहेरून येणारा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच बसतो आणि घेणारे यंत्र दोघींमधला फरक तेवढा वाचत असल्यामुळे तो गोंगाट आपोआप वजा होतो. शेजारच्या जोड्यांनी एकमेकींचे बोलणे ऐकू नये म्हणून चारही जोड्यांचा पीळ मुद्दाम वेगवेगळ्या मापाचा ठेवलेला असतो. केबलची सगळी कर्तबगारी या पिळात आहे. कॅटेगरीचा आकडा वाढतो तसा पीळ घट्ट आणि अधिक काटेकोर होत जातो: कॅट ५ई १०० मेगाहर्ट्झपर्यंत तपासलेली असते, कॅट ६ २५० पर्यंत आणि कॅट ६ए ५०० पर्यंत.

आपल्या २८ संगणकांना सेकंदाला १ गिगाबिट वेग पुरेसा आहे आणि तो १०० मीटरपर्यंत कॅट ५ईवरसुद्धा मिळतो. १९९९ साली गिगाबिट इथरनेटचे जे मानक आले ते त्याच दर्जाच्या केबलवर, चारही जोड्या वापरून चालण्यासाठी बांधलेले होते. तरीही नवे काम करताना मी कॅट ६ घ्या असेच सांगेन, कारण तिची तार साधारणपणे थोडी जाड असते, जोड्या अधिक अलग असतात आणि किमतीतला फरक एकूण कामाच्या मानाने फारसा नसतो. कॅट ७च्या मागे मात्र लागू नये. त्या दर्जासाठी वेगळे कनेक्टर ठरलेले आहेत आणि आपल्या स्विचला किंवा संगणकाला ते बसत नाहीत. कॅट ७ केबलच्या टोकाला नेहमीचा आरजे-४५ कनेक्टर ठोकला की ती जोडणी कॅट ७ राहतच नाही. शिवाय तिच्या प्रत्येक जोडीवरच्या धातूच्या वेष्टनाला नीट अर्थिंग दिले नाही तर त्या वेष्टनाचे पैसे वाया जातात. अमेरिकेतील टीआयए या मानक संस्थेने तर कॅट ७ला आपल्या यादीत स्थानच दिलेले नाही.

दरातल्या दुपटीच्या फरकाचे कारण जवळजवळ नक्की सांगता येते: स्वस्त खोक्यात शुद्ध तांब्याची तार नसून तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनिअमची तार असणार. बाजारात तिला सीसीए म्हणतात. कॅट ५ई असो की कॅट ६, मानकानुसार तार घन तांब्याचीच असायला हवी, त्यामुळे सीसीए केबलवर ‘कॅट ६’ छापलेले असले तरी ती कॅट ६ नव्हेच. अॅल्युमिनिअमचा रोध जास्त, तार ठिसूळ, आणि आय-ओ बॉक्समध्ये (केबल जिथे संपते त्या भिंतीवरच्या सॉकेटच्या पेटीत) दोनदा वाकवली की तुटण्याचा संभव. पण खरा धोका कॅमेऱ्यांचा आहे. आपले कॅमेरे आणि अॅक्सेस पॉइंट केबलमधूनच वीज घेणार असतील, म्हणजे पीओई पद्धतीचे असतील, तर मानकानुसार स्विचच्या तोंडाशी १५.४ किंवा ३० वॉट वीज त्याच बारीक तारांतून जाणार. जास्त रोधामुळे वाटेत व्होल्टेज पडते, केबल तापते, आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागून कॅमेऱ्याची मागणी वाढली की तो बंद पडून पुन्हा सुरू होत राहतो.

हे तपासायला महागडे यंत्र लागत नाही, शाळेच्या प्रयोगशाळेतला मल्टिमीटर पुरेसा आहे. खोक्यातील केबलचे आतले टोक सहसा हाताला लागते. त्या टोकाला एका जोडीच्या दोन तारा सोलून एकमेकींना पिळून टाकाव्यात आणि दुसऱ्या टोकाला त्याच जोडीच्या दोन तारांमध्ये रोध मोजावा. मानकानुसार १०० मीटर लांबीच्या एका तारेचा रोध ९.३८ ओहमपेक्षा जास्त असता कामा नये. म्हणजे ३०५ मीटर जाऊन परत येणाऱ्या जोडीला जास्तीत जास्त ५७ ओहम. अस्सल तांब्याच्या २३ गेजच्या (गेज हे तारेच्या जाडीचे माप, आकडा लहान तितकी तार जाड) केबलला हा आकडा चाळीसच्या थोडा वर आणि २४ गेजच्या केबलला पन्नाशीच्या आसपास येतो. तो साठीच्या पुढे गेला तर खोके परत करावे. जोडीला, तार ब्लेडने खरवडून पाहावी. तांबूस रंगाखाली चंदेरी चमक दिसली की आणखी पुराव्याची गरज नाही.

प्रकाशतंतू यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, म्हणून फक्त दोन इमारतींमधल्या जोडणीबद्दल लिहितो. याबाबतीत मला पर्याय दिसत नाही: तिथे फायबरच घालावी.

अंतराचे कारण सर्वांना ठाऊक असते. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर, आणि त्यातही भिंतीतून जाणारी पक्की केबल ९० मीटर व दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड (उपकरणाला जोडायच्या सुट्या छोट्या केबली) मिळून १० मीटर असा हिशेब धरलेला असतो. मैदानात खांबावर स्विच बसवून ही मर्यादा कागदोपत्री ओलांडता येते, पण त्या पेटीला वीज लागेल, पावसात ती कोरडी ठेवावी लागेल, मुंग्या आणि पाली तिच्यात घर करतील, आणि तो स्विच बंद पडला की संपूर्ण नवी इमारत नेटवर्कबाहेर जाईल.

त्याहून मोठे कारण विजेचे आहे. कोकणात मे महिन्याच्या अखेरीस आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात ते आपण दरवर्षी पाहतो. दोन इमारतींचे अर्थिंग वेगवेगळे असते आणि जवळपास वीज पडली की दोन्ही ठिकाणच्या जमिनीच्या विद्युत पातळीत क्षणभर प्रचंड फरक पडतो. दोन्ही इमारतींना तांब्याच्या तारेने जोडले असेल तर तो फरक त्या तारेतून वाट काढतो, आणि तिच्या दोन टोकांना असतात आपले स्विच. वीज थेट शाळेवर पडावी लागत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, विद्युतप्रवाह जात नाही, त्यामुळे हा मार्गच बंद होतो.

फायबरमध्ये दोन जाती आहेत. मल्टिमोडचा प्रकाश वाहणारा गाभा ५० किंवा ६२.५ मायक्रॉनचा असतो, सिंगलमोडचा सुमारे ९ मायक्रॉनचा. दोन्हींचे बाहेरचे माप १२५ मायक्रॉनच असते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. पॅच कॉर्डच्या रंगावरून मात्र कळतो, कारण सिंगलमोड सहसा पिवळी असते आणि नव्या जातीची मल्टिमोड निळसर-हिरवट. १४० मीटरवर १ गिगाबिटसाठी दोन्ही चालतील. पूर्वी छोट्या अंतरासाठी मल्टिमोड घेण्याची पद्धत होती, कारण तिची टोकाची उपकरणे स्वस्त असत. आता घरोघरी फायबर ब्रॉडबँड पोचल्यामुळे सिंगलमोड केबल, तिचे सुटे भाग आणि ती जोडणारे कारागीर तालुक्याच्या गावीही मिळतात, म्हणून मी सिंगलमोडच सुचवेन. पुढे कधी १० गिगाबिट हवे झाले तर तीच केबल राहील, फक्त दोन्ही टोकांचे मॉड्यूल (स्विचमध्ये बसणारे, प्रकाश पाठवणारे व घेणारे छोटे भाग) बदलावे लागतील. लागतात दोनच तंतू, पण केबल ६ तंतूंची घ्यावी. खर्चाचा मोठा भाग चर खणण्यात जातो आणि जास्तीचे चार तंतू पुढे उपयोगी पडतात.

लोखंडी कवचाची आर्मर्ड केबल कोटेशनमध्ये असेल तर विचारून घ्यावे. घुशी आणि कुदळीपासून ते कवच राखण करते हे खरे, पण ते धातूचे असल्यामुळे विजेचा जो मार्ग आपण बंद करू पाहतो तो पुन्हा उघडू शकतो. असे कवच इमारतीत शिरतानाच अर्थिंगला जोडावे लागते आणि ते रॅकपर्यंत, म्हणजे स्विच ठेवायच्या कपाटापर्यंत, येऊ द्यायचे नसते. शाळेसाठी धातूविरहित केबल जाड एचडीपीई पाइपमधून जमिनीखालून नेणे मला अधिक सोपे वाटते.

टोकांच्या जोडणीत एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. ब्रॉडबँडचे काम करणाऱ्या कारागिरांकडे हिरव्या रंगाचे कनेक्टर असतात. त्यांचे टोक तिरपे घासलेले असते. स्विचच्या मॉड्यूलला निळ्या रंगाचे, सरळ टोकाचे कनेक्टर लागतात. हिरवा आणि निळा समोरासमोर आणले तर दोन्ही टोके नीट टेकत नाहीत आणि प्रकाश वाया जातो. रॅकमधल्या फायबरच्या पेटीत, जिला आपल्याकडे एलआययू म्हणतात, दोन्ही बाजूंना निळेच कनेक्टर आहेत याची खात्री करावी. आणि मुलांना आवर्जून सांगावे की फायबरच्या टोकात डोळा लावून पाहायचे नाही. त्यातला प्रकाश दिसत नाही म्हणून तो नाही असे होत नाही.

पॅच_पॅनेल यांचे उत्तर

तांब्याची_तार यांच्या एका मुद्द्याशी मी थोडा असहमत आहे. संगणकांसाठी कॅट ६ ठीक आहे, परंतु तीन अॅक्सेस पॉइंटपर्यंत कॅट ६ए न्यावी असे मला वाटते. वायफायची उपकरणे दर काही वर्षांनी बदलतात आणि प्रत्येक नवी पिढी मागे जास्त वेगाची केबल मागते. कौलांखालच्या वाशांवरून केबल पुन्हा ओढणे हे काम कोणी आनंदाने करत नाही. कॅट ६वर १० गिगाबिट सुमारे ५५ मीटरपर्यंतच चालते, कॅट ६एवर पूर्ण १०० मीटर.

मात्र केबल कोणतीही आणली तरी काम कसे झाले यावर बरेच अवलंबून असते. आय-ओ बॉक्समध्ये केबल सोलल्यावर जोडीचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये असा नियम आहे. घाईत काम करणारे कारागीर दोन-दोन इंच उलगडतात. रंगांचा क्रम दोन्ही टोकांना एकच हवा. आपल्याकडे टी५६८बी रूढ आहे: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. निळी जोडी मध्ये आणि हिरवी तिच्या दोन्ही बाजूंना विभागलेली, हे पाहून काही जण ‘सरळ’ क्रम लावतात, म्हणजे चार रंग ओळीने. तसे केले की एकाच संकेताच्या दोन तारा दोन वेगळ्या जोड्यांमध्ये जातात आणि पिळाचा फायदा नाहीसा होतो. आठ दिव्यांचा स्वस्त टेस्टर अशा केबललाही उत्तीर्ण करतो, कारण तो फक्त तार अखंड आहे की नाही एवढेच पाहतो.

मॅडम, काम संपल्यावर आपण स्वतः एक चाचणी करू शकता. प्रत्येक संगणकावर नेटवर्क जोडणीचा वेग पाहावा. तो १ गिगाबिटऐवजी १०० मेगाबिट दिसला तर बहुतेक वेळा निळ्या किंवा तपकिरी जोडीत दोष असतो. १०० मेगाबिटला केशरी आणि हिरवी या दोनच जोड्या पुरतात, म्हणून तक्रार न करता उपकरणे तेवढ्यावर चालू राहतात आणि दोष कोणाच्या लक्षातच येत नाही.

आणखी एक. २३० व्होल्टच्या वायरी आणि नेटवर्कची केबल एकाच केसिंग पट्टीत घालू देऊ नये. हा प्रश्न आधी सुरक्षिततेचा आहे आणि मग गोंगाटाचा. दोन्ही समांतर न्यायच्या असतील तर किमान फूटभर अंतर ठेवावे, आणि छेदायच्याच असतील तर काटकोनात.

तांब्याची_तार यांचे उत्तर

पॅच_पॅनेल यांच्या कॅट ६एच्या सूचनेमागचा विचार मला पटतो, तरी या शाळेसाठी मी ती करणार नाही. २०१६ साली आलेल्या मानकानुसार २.५ गिगाबिट वेग १०० मीटरपर्यंत कॅट ५ईवर आणि ५ गिगाबिट कॅट ६वर मिळतो, आणि ते मानक तयार केले गेले मुख्यतः अॅक्सेस पॉइंटसाठीच. कॅट ६ए जाड आणि ताठ असते, नेहमीच्या आय-ओ बॉक्समध्ये ती वळवताना त्रास होतो आणि तिच्यासाठी जॅकही त्याच दर्जाचे घ्यावे लागतात. तीन ठिकाणांसाठी वेगळे खोके आणि वेगळे सुटे भाग घेण्यापेक्षा प्रत्येक अॅक्सेस पॉइंटपाशी कॅट ६च्या दोन केबली नेऊन ठेवाव्यात, एखादी उंदरांनी कुरतडली तर दुसरी तयार असते.

संगणककक्ष_प्रमुख

सर्वांचे मनापासून आभार. दुसऱ्या पुरवठादाराकडून नमुन्याचे खोके मागवून प्रयोगशाळेत रोध मोजला. मल्टिमीटरवर ७८ ओहम आले आणि तार खरवडल्यावर चंदेरी निघाली. दहावीच्या मुलांसमोरच हे केले, त्यांना ओहमचा नियम असा प्रत्यक्ष कामाला आलेला पाहून फार आनंद झाला. समितीने तिसऱ्या पुरवठादाराशी बोलण्याची परवानगी दिली आहे. त्यांच्या कोटेशनमध्ये व्हरांड्यातल्या कॅमेऱ्यांसाठीही आतलीच करड्या रंगाची केबल धरलेली आहे, ते चालेल का? आणि कामाच्या आदेशात कोणत्या अटी लिहाव्यात?

तांब्याची_तार यांचे उत्तर

व्हरांड्यात ऊन आणि पावसाचा मारा लागत असेल तर ती केबल चालणार नाही. आतल्या केबलचे पीव्हीसी आवरण उन्हाने काही वर्षांत तडकते, पाणी आत शिरते आणि तारांच्या कडेने थेट स्विचपर्यंत झिरपत जाते. तिथे काळ्या पॉलिथिलीन आवरणाची बाहेरची केबल घ्यावी आणि कॅमेऱ्याच्या पेटीत शिरण्यापूर्वी तिला खाली झुकता वळसा द्यावा, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी गळून पडेल.

आदेशात केबल ‘घन शुद्ध तांब्याची, कॅट ६’ असे स्पष्ट शब्दांत लिहावे आणि प्रत्येक खोके उघडल्यावर आपल्यासमोर रोध मोजण्याची अट घालावी. पॅच कॉर्ड कारखान्यात तयार झालेल्या, बारीक तारांच्या गुच्छाच्या घ्याव्यात. भिंतीतली घन तारेची केबल कापून जागेवर क्रिम्प केलेले (कनेक्टर दाबून बसवलेले) तुकडे वारंवार हलवल्याने तुटतात. सर्व केबली रॅकमध्ये पॅच पॅनेलवर (सॉकेटांची ओळ असलेल्या पट्टीवर) उतरवाव्यात आणि दोन्ही टोकांना एकच क्रमांक लावून त्याचा तक्ता शाळेला द्यावा. शक्य असल्यास प्रत्येक जोडणीची प्रमाणन चाचणी करणारे यंत्र एका दिवसासाठी भाड्याने आणण्याची जबाबदारी पुरवठादारावर टाकावी. जोड्यांमधली गळती आणि परावर्तन ते यंत्रच मोजू शकते. त्याचा छापील अहवाल मिळाल्यावरच बिलाचा शेवटचा हप्ता द्यावा.

फायबरचा चर मात्र मृगाच्या आधी खणून, पाइप घालून बुजवून घ्यावा. पाइपमध्ये नायलॉनची दोरी ओवून ठेवली तर केबल नंतर सावकाश ओढता येते, आणि पाइपाची दोन्ही तोंडे त्याच दिवशी बंद करावीत, नाहीतर पहिल्याच पावसात त्यात चिखल भरतो.